मागं हाय का

१

आमच्या फेरीत सगळ्यांत पुढं शिवहार असतो आणि सगळ्यांत मागं मी. शिवहार म्हणजे माझा नवरा. आमच्याकडं बायका नवऱ्याला मालक म्हणतात. मी चारचौघांत 'अहो' म्हणते आणि मनात शिवहार. सप्तपदीला जो पुढं निघाला तो अजून थांबलेला नाही.

हिंगोलीत आमचं सायकलचं दुकान आहे. पुढं दुकान, मागं घर, मधी एक पडदा. आधी आम्ही नुसती पंक्चरं काढायचो. मग गिअरच्या सायकली आल्या, डॉक्टर-मास्तर लोकांना पोट कमी करायची हौस आली, आणि शिवहारच्या डोक्यातून ही तळ्याची फेरी निघाली. शनिवारी सकाळी हिंगोलीतून निघायचं, औंढ्याला नागनाथाच्या दारात चहा घ्यायचा, पुढचा डोंगर चढायचा आणि उतरून सिद्धेश्वर धरणाच्या पाण्याच्या कडेकडेनं मुक्काम गाठायचा. रविवारी परत. परभणी-नांदेडहून माणसं येतात. पाण्याकडं पाठ करून फोटो काढतात आणि म्हणतात, "आपल्या मराठवाड्यात असं काही आहे हे माहीतच नव्हतं." हे वाक्य ऐकलं की माझं डोकं उठतं. पाणी कुठं जाणार आहे, ते तिथंच आहे. तुम्ही बघितलं नाही त्याला पाण्यानं काय करावं?

मागं राहणाऱ्याला काम फार असतं. दमलेल्याला गोड बोलायचं, उतरलेली चेन बसवायची, पंक्चर काढायचं. पंप, ट्यूबा, सोल्युशन सगळं माझ्या कॅरिअरला. पंक्चर मी शिवहारपेक्षा लवकर काढते, हे तो सोडून सगळे कबूल करतात. आणि माझ्याच सायकलच्या डाव्या पायडलला कधीची टिकटिक आहे, ती मात्र त्यानं अजून काढून दिलेली नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

आता एक रीत सांगते, कारण पुढचं सगळं त्या रीतीवरून झालं. शिवहारच्या घरी मेंढरं होती. माझे सासरे सटवाजी हयातभर कळप घेऊन हिंडले. कळप चालताना पुढचा माणूस वळून बघत नाही. तो वळला की मेंढरं थबकतात, एकात एक घुसतात, सगळा घोळ होतो. म्हणून तो समोर बघतच हाळी देतो, "मागं हाय का?" आणि कळपाच्या शेवटी लंगड्या मेंढ्या, दमलेली कोकरं सांभाळत येणारं माणूस "हाय" म्हणतं. हाय आलं की पुढचा चालू लागतो. नाही आलं तर मात्र कळप थांबवून मागं यायचं. सासरे पुढं असायचे, सासूबाई मागं. शिवहारनं ही रीत जशीच्या तशी फेरीत आणली. चढ संपला, फाटा आला, वळण आलं की तो थांबतो, समोर बघतच हाळी देतो. मी हाय म्हणते. की निघाला. पाहुण्यांना याची फार मौज वाटते.

मला काय वाटतं हे कुणी विचारलेलं नाही, म्हणून मीच सांगते. मला वाटायचं, यानं एकदा तरी वळून बघावं. बायको कुठवर आली, दमली का, पडली का. आम्हाला लेकरूबाळ नाही, घरात तो आणि मी दोघंच. त्यातही तो दुकानात तोंड खाली घालून आणि मी पडद्यामागं. निदान उघड्या रस्त्यावर तरी बघावं. एकदा बोलूनही दाखवलं. तर म्हणतो कसा, "आवाज आला म्हंजे तू हायस. त्यात बघायचं काय?"

२

त्या शनिवारी वाटेत शेताशेतांत हळद शिजून राहिली होती. वाफेचा तो वास कपड्यांत बसतो, दोन धुण्यांत जात नाही. पाहुण्यांत दर फेरीला येणाऱ्या परभणीच्या दातांच्या डॉक्टर रीता मॅडम होत्या, दोन-तीन नवे चेहरे होते आणि आमचा नेहमीचा रत्नपाल होता. रत्नपाल हिंगोलीतच बँकेत आहे, जाड चष्मा लावतो आणि सावकाश चालवतो, त्यामुळं तो कायम माझ्या पुढं, शेवटून दुसरा. सामानाचा टेम्पो घेऊन जुबेर पुढं गेलेला. जुबेर शिवहारचा शाळेपासूनचा दोस्त.

डोंगराच्या मधल्या वळणावर माझ्या मागच्या चाकातून फुस्स झालं. बाभळीचा काटा. मी ओरडले नाही, कारण माथ्यावर सगळे थांबतातच आणि ट्यूब बदलायला मला वेळ लागत नाही. सायकल उलटी केली, चाक काढलं, ट्यूबच्या व्हॉलची चकती आणि टोपण सवयीनं दातात धरलं. खडीत पडलं तर सापडत नाही ते. रत्नपाल वळणाआड गेला.

वरून शिवहारची हाळी आली. "मागं हाय का?"

मी दातातलं काढायला हात वर केला. हात तोंडापाशी पोचायच्या आत उत्तर गेलं.

"हाय."

आपला आवाज आपल्याला ओळखू येत नाही म्हणतात. मला येतो. रीता मॅडम मोबाइलवर व्हिडिओ काढतात आणि फेरीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकतात, त्यात माझा हाय मी ढिगानं ऐकलेला आहे. शेवटाला जरा तुटतो, दम लागलेला असतो म्हणून. हा तसाच तुटला. आणि तो माझ्या डोक्यावरच्या वळणावरून आला, मी आणि माथा यांच्या मधून.

मग वर घंट्या वाजल्या, कुणीतरी हसलं, आणि सायकली पलीकडच्या उताराला लागल्याचा तो कर्रकर्र आवाज एकेक करत विरत गेला. मी हातात टायर घेऊन उभी. दातात चकती तशीच.

डोंगरात आवाज घुमतो, हे मलाही कळतं. पण घुमायला आधी कुणी बोलावं लागतं. नाहीतर कुणी पोरीबाळींनी चेष्टा केली असेल, सीताफळाच्या झुडपांआड सरपणाला आलेल्या असतात. हे मी स्वतःला सांगितलं आणि ते मला पटलंही. राग मात्र पटण्यावर जात नाही. बायको खाली राहिली आणि हे गेले.

माथ्यावर पळसाखाली भागाबाई बसली होती. तिची शेरडं तिथंच असतात. येता-जाता मी तिच्याशी दोन शब्द बोलते, तिच्या सुनेच्या तक्रारी ऐकते. मला बघून तिनं कपाळाला आठ्या घातल्या.

"आता गं कशी आलीस माघारी?"

"माघारी कुठली, मी आत्ता येऊन राहिले. पंक्चर झालं होतं."

"आत्ता तर गेलीस की खाली. त्या चष्म्यावाल्याच्या मागं." भागाबाई खरंच रुसली होती. "मी हाक दिली तर बघितलंबी न्हाईस. मोठ्या लोकाइत फिरून फिरून तूबी मोठी झालीस म्हण की."

भागाबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. बकरी का वासरू हे ती हात लावून सांगते. मी तिला बरं म्हणाले आणि उतार घेतला.

३

मुक्कामाचं घर जुबेरच्या मामाचं. पाण्यापासून हाकेच्या अंतरावर, तीन खोल्या आणि वर पत्रा. मला वाटलं, मी दिसत नाही म्हटल्यावर एव्हाना कुणीतरी उलट निघालं असेल. निदान ओसरीवर उभं राहून वाटेकडं बघत असेल. सगळे पाण्यात पाय सोडून बसले होते.

"आल्या आल्या चाकं धुवायला गेलीस, लई उशीर केलास," शिवहार म्हणाला. मोबाइलवर काहीतरी बघत होता.

मी काय झालं ते सांगितलं. हाय मी म्हटलंच नाही, हेही सांगितलं.

"म्हणलीस की. सगळ्यांनी ऐकलं."

"ऐकलं," रीता मॅडम म्हणाल्या. "मीसुद्धा ऐकलं."

"माझ्या दातात व्हॉलची चकती होती."

"मग दातातून म्हणली असशील," शिवहार म्हणाला, आणि पाहुणे हसले. हसण्यासारखंच होतं म्हणा.

मी रत्नपालला धरलं. तो गरीब माणूस, खोटं बोलणार नाही. "रत्नपालभाऊ, उतारावर तुमच्या मागं कोण होतं?"

"तुमीच होत्या, वहिनी."

"बघितलं का मला?"

तो गोंधळला. चष्मा काढून पुसायला लागला. "बघितलं न्हाई. पण तुमची ती टिकटिक हाय ना पायडलची, ती सगळ्या उतारानं मागं होती. इथं फाटकापर्यंत."

उतारावर पायडल कोण मारतं? मी तरी मारत नाही. हे मी बोलले नाही, कारण रत्नपालचा चेहरा आधीच उतरला होता.

आत बायकांच्या खोलीत पिशवी ठेवायला गेले. तीन बाजा, माझी खिडकीजवळची. तिच्यावरची चादर चुरगळलेली होती, कडेला कुणीतरी बसून उठल्यासारखी. रीता मॅडम माझ्या मागून आल्या आणि मोकळेपणानं म्हणाल्या, "सुकन्याताई, मघाशी मी तुम्हाला एवढं सगळं सांगितलं, ते प्लीज तुमच्या मिस्टरांना सांगू नका हं. माझं तोंड सुटलं की सुटतं."

"काय सांगितलं?"

"बरं, बरं," त्या हसल्या. "नाहीच सांगितलं असं समजू."

नंतर कळलं की त्या डोळ्यांवर ओला रुमाल घेऊन पडल्या होत्या, आणि खिडकीजवळच्या बाजेवरून कुणीतरी हूं, हूं करत होतं. त्यांनी रुमाल काढला तेव्हा बाज रिकामी होती. बाई उठून कामाला गेली असेल, असं त्यांना वाटलं.

मी चादर झटकली, उलटी करून घातली आणि त्या रात्री बाजेवर झोपले नाही. जमीन गार होती, पण माझी होती.

४

घरी आल्यावर आठेक दिवस काही झालं नाही. मी मनाची समजूत काढली. ऐकणाऱ्यांचे कान, डोंगराचा घुमारा, उन्हाचा ताप. शिकलेली बाई आहे मी, बी.ए.ला मराठी घेतलं होतं. भागाबाईसारखं बोलून कसं चालेल.

मग एका दुपारी मी गच्चीवर धुणं वाळत घालत होते. खाली दुकानातून शिवहारची हाक आली. "सुकन्ये, चहा ठेवलास का?"

आणि स्वयंपाकघरातून उत्तर गेलं. "ठेवला."

हातातल्या साडीचं पाणी माझ्या पायावर गळत होतं ते मला आठवतं. मी जिन्यानं उतरले, चपला न घालता. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. खिडकी बंद, भांडी पालथी, शेगडी पुसलेली. शेगडीला हात लावून बघावा असं वाटलं आणि लावला नाही. नळ टिपटिप करत होता, तो बंद केला. दुकान आणि घर यांच्या मधला पडदा मात्र हलत होता. पंखा दुकानात असतो, त्यानं हलतो तो कधी कधी.

पडदा सारून बघितलं. शिवहार चाकाचे आरे ओढत बसलेला. शेजारी स्टुलावर आमच्या घरातला काचेचा ग्लास, तळाला चहाचा गाळ.

"चहा पाहिजे होता ना?"

"आत्ता तर दिलास." तो चाक फिरवून कान लावून ऐकत होता. चाकातलं त्याला सगळं ऐकू येतं. "चांगला होता. आलं घातलं होतं."

मी चहात आलं घालत नाही. मला त्याचा वास चालत नाही, लग्न झाल्यापासून त्यावरून आमची बोलाचाली आहे.

"तुमी बघितलं का, कुणी दिला ते?"

"कुणी म्हंजे? पडद्यातून हात आला, मी घेतला." मग जरा थांबून म्हणाला, "एक सांगू का सुकन्ये, हल्ली तू लई बरी बोलून राहिलीस. उलटून बोलत न्हाईस. घरात कसं गार वाटतं."

तो मला हे म्हणाला, माझ्याकडं न बघता. आऱ्यांची पिळणी हातात, डोळे चाकावर. मला त्याचा इतका राग आला की ते चाक त्याच्या गळ्यात घालावं. पण खरं सांगते, त्याच्याहून जास्त राग मला तिचा आला. सवत असती तर झिंज्या धरून भांडले असते. हिच्या झिंज्या कुठून शोधून काढू? आणि नवऱ्याला तरी काय म्हणू, की माझ्याच आवाजावर भाळलास म्हणून?

त्यानंतर मी घरात आडून ऐकायला लागले. माझ्याच घरात, चोरासारखी. न्हाणीघरात असताना, गच्चीवर असताना, शेजारी गेल्यावर खिडकीतून. तो विचारायचा आणि उत्तर जायचं. 'व्हय.' 'आणते.' 'तुमी म्हणाल तसं.' लांबलचक काही नाही. मी इतक्या वर्षांत जे कधी म्हटलं नाही तेच बरोबर. मी धावत जायची तर खोली मोकळी, आणि पडदा नुकताच थांबलेला.

जुबेरला सांगून बघितलं. तो हसला नाही. टेम्पोच्या बॉनेटवर हात ठेवून म्हणाला,

"भाभी, मला ह्यातलं काई कळत न्हाई. पण एक करा. तुमी आवाज देत जा. तो हाक मारला की पह्यले तुमी बोलायचं, जोरात. गप नका ऱ्हाऊ."

शहाणा सल्ला होता. माझा स्वभाव तेव्हा मधी आला.

५

माझं गणित साधं होतं. हाय आलं नाही तर पुढच्यानं थांबायचं आणि मागं यायचं, ही त्याच्या बापाची रीत. मग मी हाय म्हणणारच नाही. भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, रत्नपालच्या मागच्या चाकाला चाक लावून उभी राहीन आणि तोंड उघडणार नाही. बघू कोण बोलतं. कुणी नाही बोललं तर त्याला वळावं लागेल, आणि वळला की मी समोर असेन. एवढंच पाहिजे होतं मला. भूतबीत गेलं खड्ड्यात.

पुढच्या फेरीला रीता मॅडम आणि रत्नपाल होतेच, शिवाय नवे दोघं. औंढ्याचा चहा झाला, गाव सुटलं, डोंगराच्या फाट्याला शिवहार थांबला. मला सगळे दिसत होते. त्याची पाठ, घामानं चिकटलेला सदरा, मानेवरचा तीळ.

"मागं हाय का?"

मी ओठ दाबून धरले.

सगळे गप्प. रत्नपालनं पायडलवर पाय ठेवला आणि परत काढला. एक क्षण शिवहारची मान हलली, उजवीकडं, जरा. तो वळत होता. देवाशपथ सांगते, तो वळत होता.

"हाय," माझ्या मागून आवाज आला.

अगदी जवळून. कॅरिअरला टेकून कुणी उभं असावं इतक्या. शिवहारची मान सरळ झाली आणि तो निघाला. त्याच्या मागं रीता मॅडम, मग नवे दोघं, मग रत्नपाल. कुणी म्हणजे कुणी वळलं नाही.

मी वळले. रस्ता मोकळा होता. लांब एक ट्रॅक्टर हळदीची पोती घेऊन औंढ्याकडं चालला होता. माझ्या चाकामागच्या धुळीत टायरची एक रेघ होती, आणि तिच्या शेजारून दुसरी, तशीच.

आमची माणसं तिकडूनच आली होती, रेघा असणारच, मी म्हटलं.

पहिल्या वळणावर परत हाळी आली. या वेळी मी जुबेरचं ऐकलं. आधीच श्वास भरून ठेवला होता, त्याचा 'का' संपायच्या आत तोंड उघडलं. पण ती माझ्याही आधी म्हणाली. माझा हाय तिच्या मागून निघाला, घोगरा, कुणाचातरी वाटावा असा. रत्नपालनं मान जराशी वाकडी केली, लांबून कुत्रं भुंकलं तर करतो तशी, आणि पुढं गेला.

६

त्यापुढच्या चढाला मी मागं पडले. माझी टिकटिक डावा पाय खाली गेला की होते. मागून दुसरी येत होती, तिचा ठेका वेगळा. मी थांबून बघितलं. माझी थांबली, ती थांबली नाही.

कडेला पाय टेकला आणि उभी राहिले. आता येऊ दे, म्हटलं, तोंडावर विचारते, बाई तुला माझ्या घरात काय पाहिजे. सगळं बोलायचं ठरवून ठेवलं होतं. पण टिकटिक वळणाच्या या बाजूला आली आणि माझी मान वर होईना. ज्यावरून इतकी वर्षं शिवहारला बोल लावले तेच मला जमेना. मी खाली डांबराकडं बघत राहिले, आणि माझ्या चाकाच्या सावलीवरून दुसऱ्या चाकाची सावली सरकत गेली. घाईत नव्हती. घामाचा वास आला आणि खोबरेलाचा, मेथ्या घालून कढवलेल्या. ते तेल मी घरी करते, विकत मिळत नाही.

वर बघितलं तेव्हा वळण मोकळं होतं.

कशी चढले ते ठाऊक नाही. माथ्यावर कुणी नव्हतं, शेरडंही नव्हती. खाली सगळं पाणी उन्हात पसरलेलं, आणि उतार संपून पाण्याच्या कडेला लागलेली आमची रांग. शिवहार, रीता मॅडम, नवे दोघं, रत्नपाल. रत्नपालच्या मागं एक बाई होती. निळी ओढणी चेनमध्ये जाऊ नये म्हणून मी कमरेला तिरकी बांधते, तशी बांधलेली. पाठीवर वेणी. ती माझ्यापेक्षा चांगली चालवत होती, खांदे न हलवता.

शिवहार पाण्याशी थांबला. पाण्यावरून आवाज लांबवर येतो. "मागं हाय का?" आणि त्यावर तो हाय, शेवटाला जरा तुटणारा.

मी ब्रेक न दाबता उतार घेतला. वारा डोळ्यांत, चाक खडीवरून उडत होतं. अर्ध्यावर आल्यावर मला कळलं की आता एकच उरलं आहे, आणि ते मी केलं. आमच्याकडं बायको रस्त्यात नवऱ्याला नावानं हाक मारत नाही. मी मारली. "शिवहार," म्हटलं, सगळ्या छातीनं. परत म्हटलं. "ओ शिवहार, थांबा. मागं बघा."

रांग थांबली. आणि शिवहार वळला.

नुसती मान नाही, सगळा वळला. सायकल फिरवली आणि माझ्याकडं यायला निघाला. रीता मॅडम ओलांडल्या, नवे दोघं ओलांडले, रत्नपाल ओलांडला. ती बाई माझ्याकडं पाठ करून एक पाय टेकून उभी होती, पाण्याकडं बघत. तिच्याशी तो क्षणभर थांबला, काहीतरी म्हणाला. तिनं मान हलवली. मग तो चढ चढून माझ्याकडं आला, उभ्यानं पायडल मारत, तोंड घामेजलेलं, काळजीनं भरलेलं. माझ्या काळजीनं. मला रडू फुटलं. म्हटलं, भांडण मागनं करू, आधी येऊ दे.

सायकल त्यानं कडेला आडवी टाकली आणि माझं हँडल धरलं.

"बसा, बसा. घाबरू नका, ताई," तो म्हणाला. "पडल्या का कुठं? लागलं का?"

मी त्याच्याकडं बघितलं. तो माझ्याकडंच बघत होता, सरळ डोळ्यांत. मग वाकून त्यानं माझं मागचं चाक अंगठ्यानं दाबलं. "हवा तर बराबर हाय. ऊन लागलं असंल तुमाला." स्वतःची बाटली काढून टोपण उघडून माझ्या हातात दिली. "सावकाश प्या. माझं नाव घेतलं म्हणून थांबलो. दुकानावर आल्या होत्या का कधी? कुठल्या गावच्या?"

मी पाणी प्याले. इतक्या मायेनं तो माझ्याशी कधी बोलला नव्हता, एकदाही नाही.

"एकट्याच काहून निघाल्या, ताई? वाट डोंगराची. संगं कुणी न्हाई का मागं?"

"अहो, येताय ना?" खालून हाक आली. गोड, न चिडलेली.

"आलो," शिवहार म्हणाला. लगेच म्हणाला, एवढ्या लवकर मला त्यानं कधी उत्तर दिलं नाही. मग माझ्याकडं वळून, "आमची मंडळी हाय ती. थांबा, तिला धाडतो तुमच्या सोबतीला. बाईमाणूस जवळ असलेलं बरं."

मी सुकन्या आहे, हे माझ्या ओठांवर होतं. इतक्यात खाली पाण्याच्या कडेला त्या बाईनं टेकलेला पाय उचलला आणि हँडल फिरवलं. तिची वेणी खांद्यावरून पुढं आली. पुढचं चाक हळूहळू आमच्याकडं वळत होतं, आणि चाकामागून तिचं तोंड वळणार होतं.

मी बाटलीचं टोपण लावलं आणि ती त्याच्या हातात परत दिली.

"नको दादा," मी म्हणाले. "जाते मी."